मांडीवरचे चार दिवस

बाळंतपणाची पगारी रजा २०१७ साली १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर आली. त्यातले काही आठवडे बाळंतपणाआधीच जातात. म्हणजे बाळ पाच-सहा महिन्यांचं झालं की आई कामावर हजर होते आणि बाळ माझ्याकडे येतं. नेमकं त्याच सुमारास बाळाच्या अंगातलंही काही सरत आलेलं असतं. पोटात असताना वारेतून आईची, आजारांशी लढणारी प्रतिपिंडं त्याला मिळालेली असतात. ती सहाव्या महिन्याच्या आसपास बरीचशी ओसरतात आणि बाळाची स्वतःची अजून घडायची असतात. आईची रजा आणि आईने दिलेली शिदोरी अशी एकदमच संपते, आणि बाळ घरच्या पाळण्यातून उठून थेट पोरांच्या घोळक्यात येऊन बसतं. तिथे प्रत्येकाचं नाक वाहतंय आणि प्रत्येकाच्या तोंडात दुसऱ्याचं खेळणं.

मी डोंबिवलीत पाळणाघर चालवते. मुलांच्या आया मला काकू म्हणतात, मुलं आजी म्हणतात. बहुतेक आया सकाळी ठाणे, घाटकोपर, अंधेरीकडे जातात आणि संध्याकाळी गाडीतून उतरून घामाघूम होत धावत येतात. नवीन मूल आलं की पहिल्या पावसाळ्यात प्रत्येकीचा प्रश्न ठरलेला असतो, "काकू, हा सारखाच आजारी पडतो हो. याची इम्युनिटी कमी आहे का?" नसते. या वयात वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी-पडसं होणं ही नेहमीची गोष्ट आहे असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि पाळणाघरातल्या मुलाला त्याहून जास्तही होतं. एक सर्दी हटायला आठवडा ते दहा दिवस लागतात. सर्दी करणारे विषाणू दोनशेच्या घरात, त्यातल्या एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेहून जास्त प्रकार. एक सर्दी जाते न जाते तोच दुसरी येते आणि आईला वाटतं, पोरगं जूनपासून बरं झालंच नाही. बाळाचं शरीर त्या काळात एकेका विषाणूची ओळख करून घेत असतं. ती कधी ना कधी करून घ्यावीच लागते. पाळणाघरात झाली नाही तर बालवाडीत होते.

इतकी वर्षं मुलं सांभाळून माझी एक खात्री झाली आहे. लहान मुलांच्या बहुतेक विषाणूजन्य दुखण्यांना औषध थोडं लागतं आणि माणूस फार लागतं. ताप आलेल्या मुलाला तीन-चार दिवस कुणाच्या तरी मांडीवर पडून राहायचं असतं. ते चार दिवस आज घरात कुणाकडेच नाहीत. म्हणून वेळेने करायचं काम आपण औषधाकडून करून घ्यायला जातो, आणि मुलांचे निम्मे हाल तिथून सुरू होतात.

सकाळी दारात मूल हातात घेताना मला बऱ्याचदा आधी वास येतो. तापाच्या सिरपचा, स्ट्रॉबेरीचा. ओठाच्या कोपऱ्यात गुलाबी चिकट डाग असतो. मूल शांत, जरा जास्तच शांत, कपाळ गार, मानेवरचे केस घामाने चिकटलेले. आई चप्पल न काढताच सांगते, "रात्री जराशी कणकण होती, आता काही नाही." पॅरासिटामॉलचा परिणाम चार ते सहा तास टिकतो. साडेसातला पाजलेलं औषध बारा-एकच्या सुमाराला उतरतं. भात भरवता भरवता मूल घास तोंडात तसाच ठेवून मान टाकतं, कानाच्या पाळ्या लाल होतात, आणि काखेत थर्मामीटर लावला की १०२. मी फोन करते तेव्हा ती मीटिंगमध्ये असते. उचलते, दोन क्षण काही बोलत नाही, मग म्हणते, "तीनची गाडी पकडते, काकू."

या बाईवर मला रागावता येत नाही. तिच्या वर्षाच्या रजा गणपतीच्या आधीच संपलेल्या असतात. बाबांनी रजा टाकावी हे मात्र अजून कितीतरी घरांत कुणाच्या मनातही येत नाही, आणि त्याचा मला राग येतो. फोनच्या यादीत पहिलं नाव आईचं, दुसरं आजीचं, बाबांचं तिसरं. मी आता नाव नोंदवतानाच दोन्ही नंबर पहिल्या ओळीत लिहून घेते.

तापाच्या औषधाशी माझं भांडण नाही. ताप म्हणजे शरीर विषाणूशी झुंजतंय याची खूण. औषध द्यायचं ते मुलाला जरा बरं वाटावं, त्याने दोन घोट पाणी प्यावं, तासभर झोपावं म्हणून. पण ते मोजून द्यावं लागतं. तान्ह्या बाळाच्या थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असतं. सिरपच्या एका बाटलीत ५ मिलिलिटरला १२० किंवा १२५ असतं, तर शेजारच्याच दुसऱ्या बाटलीत तेवढ्याच ५ मिलिलिटरला २५०. थेंबांची बाटली सिरप समजून चमचाभर पाजली तर पोटात ५०० मिलिग्रॅम जातात, म्हणजे मोठ्या माणसाची अख्खी गोळी. डोस वजनावर ठरतो, किलोमागे साधारण १५ मिलिग्रॅम. त्यामुळे "एक चमचा दिलाय" यावरून मला काहीच कळत नाही. मी बाटलीचा फोटो मागवते, किती मिलिलिटर आणि किती वाजता दिलं ते वहीत लिहिते. आधी आया कंटाळायच्या, आता दारातच वेळ सांगतात.

पावसाळ्यात पाळणाघराला खरा धसका असतो तो हात-पाय-तोंडाच्या आजाराचा. २०२२ साली केरळातल्या कोल्लम भागात मुलांच्या अंगावर लाल फोड आले, वर्तमानपत्रांनी त्याला टोमॅटो फ्लू म्हटलं, आणि तेव्हापासून आमच्या इमारतीतही तेच नाव चालतं. आजार जुनाच आहे, कॉक्सॅकी आणि त्याच्या भाऊबंद विषाणूंचा. सुरुवातीला थोडा ताप येतो. मग मूल जेवणाला नको म्हणतं. लाळ गळायला लागते, झबल्याचा गळा ओलाचिंब होतो. भूक तर लागलेली असते. दुधाची वाटी स्वतः ओढून घेतं, एक घोट घेतं आणि किंचाळून वाटी लोटून देतं, पुन्हा वाटीकडे बघून रडतं. आईला वाटतं दात येताहेत. टॉर्च लावून पाहिलं की पडजिभेच्या आजूबाजूला बारीक पांढुरके व्रण दिसतात, कडेने लाल. एक-दोन दिवसांत तळहातांवर, तळपायांवर, गुडघ्यांवर, ढुंगणावर फोड उठतात.

याला अँटिबायोटिक नाही, मलम नाही. सात ते दहा दिवसांत आपसूक जातो. तोवर करायचं ते एकच, मूल कोरडं पडू द्यायचं नाही. गरम, तिखट, आंबट काही तोंडाजवळ न्यायचं नाही. कुणी मायेने मोसंबीचा रस पाजला तर पोर आकांत करतं. गार दूध, शहाळ्याचं पाणी, गोड दह्यात कालवलेला फ्रीजमधला मऊ भात, वर्षावरच्या मुलाला आइस्क्रीमसुद्धा. तापात आइस्क्रीम म्हटल्यावर घरातल्या आजींचा चेहरा बघण्यासारखा होतो, पण व्रणांवर गारवा बसला की मूल पहिल्यांदा गिळतं, आणि मग त्याच आजी दुसरा चमचा पुढे करतात. दर दहा मिनिटांनी एक चमचा, असं सकाळपासून रात्रीपर्यंत. हेच इथलं औषध आहे आणि ते कुठल्याही दुकानात मिळत नाही, कारण त्याला दिवसभर रिकामा असलेला एक हात लागतो.

या आजाराची एक गोष्ट आयांना कुणी आधी सांगत नाही. बरं झाल्यावर महिना-दीड महिन्याने काही मुलांची नखं मुळाशी सुटून गळून येतात. आमच्याकडची एक आई घाबरून रात्री फोनवर रडत होती. खालून नवं नख आलेलंच असतं. काही करावं लागत नाही.

फोड सुकले, ताप गेला, जेवण सुरू झालं की मूल परत येऊ शकतं, पण विषाणू त्याच्या शीतून पुढे कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो. म्हणून सगळी मदार हात धुण्यावर. कोविडपासून प्रत्येक दप्तराला सॅनिटायझरची छोटी बाटली लटकते. तिने हे विषाणू नीट मरत नाहीत. कोरोनाला असतं तसं स्निग्ध आवरण यांना नसतं, त्यामुळे अल्कोहोलला विरघळवायला काही सापडतच नाही. साबण, वाहतं पाणी, आणि खेळण्यांना ब्लीचचं पाणी. लंगोट बदलला की साबणाने हात, मग पुढचं मूल, अगदी घाईच्या वेळीही.

आता अँटिबायोटिकबद्दल. विषाणूवर ते चालत नाही हे आमच्याकडच्या सगळ्या आयांना माहीत आहे. शिकलेल्या आहेत, माझ्याहून जास्त वाचतात. तरी तिसऱ्या दिवशी दवाखान्यात त्यांच्या तोंडून निघतंच, "डॉक्टर, काहीतरी भारी द्या, सोमवारी मला जायलाच हवं." शेंबूड घट्ट आणि हिरवा झाला म्हणजे जंतू, म्हणजे बॅक्टेरिया, झाले असा पक्का समज आहे. सर्दीत चौथ्या दिवसाच्या सुमारास तो तसा होतोच. आपल्याच पांढऱ्या पेशींचा तो रंग असतो. आणि गंमत अशी जुळते की औषध तिसऱ्या दिवशी सुरू होतं, विषाणूचा ताप चौथ्या-पाचव्या दिवशी आपणहून उतरतो आणि श्रेय बाटलीला मिळतं. पुढच्या सर्दीत आई तेच नाव सांगून दुकानातून आणते. मग पोट बिघडतं, लंगोटाच्या जागी लाल चट्टे उठतात, आणि पुढे कधी कानाचा नाहीतर छातीचा खरा जंतुसंसर्ग झाला की तेच औषध लागू पडेनासं होतं.

एकदा एक आई तणतणत आली होती. डॉक्टरांनी एवढी फी घेऊन नुसते मिठाच्या पाण्याचे थेंब लिहून दिले म्हणून. मी तिला बसवलं आणि विचारलं, त्यांनी काय काय तपासलं? कान बघितले, घसा बघितला, छाती पुढून-मागून ऐकली, श्वास मोजले, लघवी किती वेळा झाली विचारलं. मग म्हटलं, फी त्याचीच होती. काही द्यायची गरज नाही हे छातीठोकपणे सांगायला खूप शिकावं लागतं. असा डॉक्टर मिळाला तर त्याला सोडू नये.

खोकल्याच्या सिरपबद्दल मला शांतपणे लिहिता येत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात, परासिया भागातल्या लहान मुलांना सर्दी, खोकला, ताप झाला. घराघरांत पावसाळ्याच्या शेवटी होतो तसाच. त्यांना खोकल्याचं सिरप दिलं गेलं. काही दिवसांत लघवी होईनाशी झाली. छिंदवाड्याहून मोठं शहर जवळचं म्हणजे नागपूर, म्हणून आईबाप पोरांना घेऊन नागपूरच्या रुग्णालयांत धावले. त्यांतली कितीतरी तिथेच गेली. वीसहून जास्त मुलं, बहुतेक पाच वर्षांखालची. तामिळनाडूत बनलेल्या त्या सिरपमध्ये तपासणीत ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल निघालं. हे कारखान्यात वापरायचं द्रावण, मूत्रपिंडं निकामी करणारं. महाराष्ट्राला हे विष माहीत नव्हतं असं नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हेच मिसळलेल्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले होते आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग त्यावर बसला होता. चाळीस वर्षं होत आली, आणि तीच गोष्ट पोरांच्या वाट्याला आली.

विष नसतं तरी ते सिरप त्या मुलांना नकोच होतं, हे मला जास्त लागतं. २०२३ च्या अखेरीस औषध महानियंत्रकांनी सर्दीच्या सिरपांत असणारं क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखाली वापरू नये असं छापायला सांगितलं होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा कळवलं, दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं द्यायची नाहीत आणि पाच वर्षांखालीही सहसा देऊ नयेत. या औषधांनी लहान मुलाचा विषाणूचा खोकला बरा होत नाही. मूल पेंगतं, घरात रात्री शांतता होते, आणि सगळ्यांना वाटतं गुण आला.

रात्रभर खोकणाऱ्या मुलाजवळ बसणं अवघड असतं, ते मला कळतं. मी करते ते इतकंच. दूध पाजण्याआधी आणि झोपवण्याआधी दोन्ही नाकपुड्यांत सलाइनचे थेंब, म्हणजे नाक मोकळं होऊन बाळाला ओढता येतं. वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला झोपताना अर्धा चमचा मध. वर्षाच्या आत मध अजिबात नाही, बाळगुटीत बोटभर चाटवायलाही नाही, त्यातून बॉट्युलिझम, म्हणजे बाळाचे स्नायू लुळे पाडणारा आजार, होऊ शकतो. ओव्याची पुरचुंडी कुणी उशाशी ठेवली तर मी काही बोलत नाही, पण तिच्यात कापूर असेल तर काढून टाकायला लावते. कापराचा तुकडा मुलाच्या पोटात गेला तर झटके येतात. वाफाऱ्यासाठी उकळत्या पाण्याचं पातेलं मुलासमोर ठेवायचं नाही. सर्दी आठवड्यात जाते, भाजल्याचे डाग राहतात.

पण वाट बघायची कुठे आणि पळायचं कुठे, हे ज्याला कळतं त्यालाच वाट बघायचा अधिकार आहे. साध्या सर्दीतूनच तान्ह्या बाळांची छाती भरते. पुष्कळदा तो आरएसव्ही नावाचा विषाणू असतो, बाळाच्या फुप्फुसातल्या सगळ्यात बारीक नळ्या सुजवणारा. मोठ्यांना त्याने नुसतं पडसं होतं, दोन-तीन महिन्यांचं बाळ मात्र धापा टाकायला लागतं. घरघर आवाजावरून अंदाज बांधू नये. नाक चोंदलं तरी घरघर वाजते. मी बाळाला मांडीवर घेते, झबलं गळ्यापर्यंत वर करते, घड्याळ समोर ठेवते आणि पोट किती वेळा वर-खाली होतं ते पूर्ण एक मिनिट मोजते. रडत असताना मोजायचं नाही, दूध पिताना नाही. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त, तर डॉक्टरांकडे त्याच क्षणी जायचं. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल तर मोजत बसायचीही गरज नाही, रिक्षा बोलवायची.

हे मोजणं किती मोलाचं आहे ते महाराष्ट्रातल्याच माणसांनी जगाला दाखवलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या कमी शिकलेल्या, काही निरक्षर आरोग्यसेवकांना आणि दायांना न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. आकडे न येणाऱ्यांसाठी वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधं उपकरण केलं. तिथले न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू निम्म्याहून खाली आले, आणि १९९० साली तो अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दाईला जे जमलं ते शहरातल्या शिकलेल्या आईला आणि बाबांना नक्की जमेल. त्यासाठी मोबाइल बाजूला ठेवून मिनिटभर पोटाकडे बघावं लागतं.

आणखीही खुणा आहेत, त्या आमच्या दारामागे मोठ्या अक्षरांत लावल्या आहेत. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ च्या वर ताप आला तर उद्यावर टाकायचं नाही. सहा-आठ तासांत लघवी नाही, दूध ओढत नाही, हलवूनही नीट डोळे उघडत नाही, झटका आला, ओठ निळसर दिसले तर ताबडतोब निघायचं. झटक्यात तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, कुशीवर वळवायचं आणि वेळ बघायची. डेंग्यूच्या दिवसांत एक गोष्ट उलटी असते. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरतो, घर सुटकेचा श्वास टाकतं, आणि खरा धोका तेव्हाच सुरू होतो. ताप गेला पण मूल मलूल, पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हातपाय गार पडलेत, तर रुग्णालयच गाठायचं.

माझ्या लहानपणी गोवर-कांजिण्या निघाल्या की घरात बाया आल्या म्हणायचे. फोडणी बंद, मटण-मासे बंद, दारावर कडुनिंबाचा डहाळा, मूल आतल्या अंधाऱ्या खोलीत, जवळ एकच बाई. पाहुणे दारातूनच परत जायचे. देवीच्या कोपाचा त्यातला भाग मी मानत नाही, आणि त्यापायी डॉक्टरांना न दाखवलेली किती मुलं गेली असतील ते आठवून आजही वाईट वाटतं. पण मूल आजारी पडलं की सगळ्या घराने आपला वेग कमी करायचा ही गोष्ट त्या बायकांकडे होती. मुलाजवळ बसलेल्या बाईला त्या दिवसांत कुणी दुसरं काम सांगत नसे. देवीच्या धाकाने का होईना, तिला ते दिवस मिळायचे.

गोवराच्या बाबतीत मात्र मांडी पुरत नाही, तिथे लसच हवी. लस नसलेल्या लोकांत गोवराचा एक रुग्ण १२ ते १८ जणांना तो देतो. अंगावरचे डाग गेल्यावरही गोवर शरीराची जुनी ओळख-पाळख पुसून टाकतो, आधीच्या आजारांविरुद्ध कमावलेली प्रतिपिंडं नाहीशी होतात आणि मूल पुढे कितीतरी काळ न्यूमोनिया-जुलाबाला सोपं सापडतं. २०२२ च्या हिवाळ्यात मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांत गोवर पसरला आणि मुलं दगावली. कोविडच्या काळात राहून गेलेल्या लशींची ती किंमत होती. मोठा सरकारी कार्यक्रम, फुकट मिळणारी लस, आणि तरी आपल्या शेजारच्या वस्तीत मुलं गोवराने जातात, हे मला सहन होत नाही. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. नाव नोंदवताना मी लसीचं कार्ड मागते. एखादा डोस राहिला असेल तर घ्या आणि मग या असं सांगते, आणि इथे मी कुणाचंही ऐकत नाही.

जुलाबांचं चित्र मात्र माझ्या डोळ्यांदेखत बदललं. थंडीच्या दिवसांत उलट्या-जुलाबांनी डोळे खोल गेलेली बाळं पूर्वी सर्रास दिसायची, रोटाव्हायरसची. त्याची लस २०१६ साली चार राज्यांत सरकारी कार्यक्रमात आली आणि २०१९ पर्यंत देशभर पोचली. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना तोंडातून देतात. तरी ओआरएसचं पाकीट घरात हवंच. ते अख्खं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात, मोठं असेल तर एक लिटर, एकदम घालायचं. पेल्यात चिमूट-चिमूट टाकून केलेलं पाणी कधी अळणी होतं, कधी बाधण्याइतकं खारट. खोक्यातली गोड पेयं ओआरएसचं नाव लावून विकली जायची, त्याला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२५ मध्ये मनाई केली, फार उशिरा. सोबत झिंक १४ दिवस. जुलाब दोन दिवसांत थांबले की आया ते बंद करतात, तसं करू नका.

परत रजेकडे येते, कारण सगळं तिथेच अडतं. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्याला मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. राज्य सरकारी महिलेला १८० दिवस. खासगी नोकरीतल्या बाईला कायद्याने काहीच नाही. २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा जास्त माणसं असलेल्या कचेरीत पाळणाघराची सोय सक्तीची केली. माझ्याकडच्या आयांपैकी कुणाच्या कचेरीत ते आहे असं मी ऐकलेलं नाही, आणि असलं तरी तापलेलं मूल तिथेही घेणार नाहीत. आमच्याकडे वाढलेल्या एका मुलाची आई आता स्वीडनमध्ये असते. तिथे मूल आजारी पडलं की आई किंवा बाबा घरी राहतात, वर्षाला एका मुलामागे १२० दिवसांपर्यंत, आणि पगाराचा मोठा भाग सरकार भरतं. ती सांगते, पॅरासिटामॉल पाजून मूल पाळणाघरात सोडायचं तिला आता सुचतही नाही. माणूस तोच आहे, आई तीच आहे. रजा बदलली.

ताप असलेलं मूल घ्यायचं नाही हा नियम माझ्याकडेही आहे, बाकीच्या मुलांसाठी तो ठेवावाच लागतो. पण दारातून परत पाठवलेली बाई ते मूल घेऊन जाणार कुठे, हा प्रश्न त्या नियमाने सुटत नाही. म्हणून आमच्या इमारतीत आम्ही एक व्यवस्था सुरू केली आहे. निवृत्त झालेल्या एक नर्सबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई, आणि रेल्वेत मोटरमन होते ते एक आजोबा. मूल आजारी पडलं की पहिला दिवस आईचा, दुसरा बाबांचा, आणि तिसऱ्या दिवसापासून यांच्यातलं कुणीतरी मुलाच्या घरी जाऊन बसतं. बाबांचा दिवस बदलून मिळत नाही. सुरुवातीला दोघा-तिघांनी कुरकुर केली. त्यातल्या एकाने परवा मला रात्री मेसेज केला, श्वास ३६ आहेत, दोनदा मोजले, झोपलाय.

आजोबांना आधी लंगोट बदलायला जमत नव्हतं, आता जमतं. वहीत त्यांची नोंद सगळ्यांत व्यवस्थित असते, गाडीच्या वेळा लिहाव्यात तशी मिनिटासकट. पण ऑगस्ट-सप्टेंबरात एका वेळी चार-चार घरं तापाने पडतात आणि तिघं पुरत नाहीत. चौथं माणूस हवं आहे. पूर्वेला राहणारं, जिना चढू शकणारं, दुपारी घरी रिकामं असणारं. श्वास मोजायला, ओआरएस करायला, औषधाची बाटली वाचायला नर्सबाई एका दुपारी शिकवतात.